काकांनी पाडलेला उजेड

मराठी लग्नात फोटोग्राफरचा खरा शत्रू म्हणजे मुहूर्त. महिना मे, तारीख पंधराच्या आगेमागे, वेळ बारा वाजून सदतीस मिनिटं. गुरुजींनी सगळे ग्रह तपासून ही वेळ काढलेली असते. त्यातला एक ग्रह त्या क्षणी नेमका कुठे उभा आहे, हे मात्र एकट्या फोटोग्राफरला भोगावं लागतं. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि घड्याळानुसार ही भर दुपार होते बारा पस्तीसच्या सुमाराला. त्या दिवशी हौशी मंडळी मैदानात बाटल्या उभ्या करून ‘शून्य सावली दिवस’ पाळतात. बाटलीची सावली नाहीशी होते. नवरदेवाची होत नाही. फेट्याची सावली कपाळावर, भुवयांची डोळ्यांवर, नाकाची मिशीवर आणि मुंडावळ्यांची दोन्ही गालांवर, असा तो सावल्यांनी भरून उभा असतो.

नेमक्या याच वेळी कोणीतरी मावशी हॉलच्या दारात येऊन म्हणते, “काय सुंदर ऊन पडलंय! आत मेला अंधारच आहे. जोडीचे फोटो बाहेर लॉनवर काढून घ्या.”

वऱ्हाड लॉनवर येतं. वधूचं काजळ उतरणीला लागतं, वराच्या डोळ्यांच्या जागी दोन रेघा उरतात, करवलीला चक्कर येते आणि तिला सावलीत नेण्यासाठी चौघं जण फोटोतून कमी होतात. फोटोग्राफर मुकाट्याने कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवतो. तेवढ्यात मधले काका पुढे येतात.

मधले काका प्रत्येक घरात असतात. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले असतात, त्यामुळे उजेडाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा समजला जातो. परदेशातल्या पुतण्याने आणून दिलेला कॅमेरा त्यांच्या गळ्यात असतो. त्याची माहितीपुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद असते, कारण पुस्तक वाचून यंत्र चालवणं काकांना कमीपणाचं वाटतं.

“अहो, एवढ्या लख्ख उन्हात फ्लॅश कशाला?”

“डोळ्यांखाली काळं येतंय, काका.”

“ते जागरणाचं आहे. काल हळदीला डीजे होता.”

“नाही, उन्हाचं आहे. फ्लॅशने जरा भरून निघेल.”

“सूर्य कमी पडतोय का तुम्हाला?” काका वऱ्हाडाकडे वळून विचारतात, आणि वऱ्हाड खदाखदा हसतं.

वऱ्हाड हसलं तरी बरोबर फोटोग्राफरच असतो. ऊन डोक्यावरून कोसळत असताना कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. चकाकणारा भाग सांभाळायचा तर खोबणी आणखी काळ्या होतात; खोबणी सांभाळाव्यात तर कपाळ पांढरंफटक पडतं. अशा वेळी समोरून आलेला फ्लॅशचा हलकासा उजेड त्या खोबणीत शिरतो, आणि नवरदेवाला डोळे आहेत हे निदान अल्बमपुरतं सिद्ध होतं. लहानशा फ्लॅशने सर्वांत मोलाची चाकरी करावी अशी ही वेळ आहे. पण माणसाची समजूत सरळ असते: अंधार दिसला की फ्लॅश लावायचा, उजेड दिसला की बंद करायचा. कॅमेऱ्याच्या ‘ऑटो’लाही बहुधा हेच शिकवलेलं असतं. त्यामुळे जी चूक पूर्वी माणसाला स्वतः करावी लागे, ती आता आपोआप होते.

खरं तर पूर्वजांनी यावर तोडगा काढून ठेवला होता. गोरज मुहूर्त. सूर्य कललेला, गुरं घरी परतताहेत, त्यांच्या खुरांची धूळ हवेत तरंगते आहे आणि त्या धुळीतून गाळलेला तिरपा, पिवळा उजेड थेट चेहऱ्यावर येतो आहे. हल्ली हेच दृश्य उभं करायला जोडप्याला गाडीभाडं भरून शहराबाहेर जावं लागतं आणि धुळीच्या जागी रंगीत धुराच्या नळ्या विकत घ्याव्या लागतात. पण गोरज मुहूर्त धरला की पाहुण्यांना दुपारचंही जेवण घालावं लागतं आणि रात्रीचंही. केटररचा दर ऐकला की बारा सदतीसच शुभ वाटू लागतो.

बाहेर फ्लॅशला हसलेलं वऱ्हाड आत येतं आणि मग फ्लॅशवर त्याची श्रद्धा बसते. स्टेजवर चाळीस माणसांचा ग्रुप फोटो ठरतो. पुढच्या खुर्च्यांवर मानाचे लोक, मागे उभे असलेले, त्यांच्या मागे स्टुलांवर चढलेले आणि सर्वांत मागे, पडद्याला पाठ लावून, मुलीकडच्यांना अजून नीट माहीत नसलेले आतेभाऊ. यातल्या कोणालाही उजेडाचा नियम ठाऊक नसतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, इतका तो साधा आणि निर्दय आहे. फ्लॅशपासून दोन मीटरवर बसलेल्या आजेसासूबाईंना सोळा आणे उजेड मिळाला, तर चार मीटरवरच्या आतेभावाच्या वाट्याला चार आणेच येतात. अल्बम आल्यावर दिसतं ते असं: आजेसासूबाईंचं नाक उजेडात विरघळलेलं, मधली रांग बरी, आणि मागच्या रांगेत कोण होतं ते दातांवरून ओळखायचं. आतेभावाने खास शिवून घेतलेला काळा सूट पडद्यात मिसळून गेलेला असतो. तो दरवर्षी अल्बम उघडला की म्हणतो, “हा मीच आहे.” त्यावर कोणी वाद घालत नाही, कारण पुरावा कोणाकडेच नसतो.

उपाय आहे. दिवा मागे न्यावा. तो पाच मीटरवर उभा केला आणि मागची रांग सात मीटरवर असली, तर पुढच्यांच्या निम्मा उजेड तरी मागे पोचतो. जाणकार फोटोग्राफर म्हणूनच स्टँड, छत्र्या आणि एक धडधाकट पोरगा घेऊन येतो. पण पाच मीटरवर लावलेला स्टँड नेमका जेवणाच्या हॉलकडे जाणाऱ्या वाटेत येतो. पहिल्या पंगतीची हाक आली की छत्री आडवी, पोरगा बाजूला आणि उजेड छताला, अशी व्यवस्था होते.

उजेड छताला लागणं ही वाईट गोष्ट नाही. फ्लॅशचं तोंड वर करून तो पांढऱ्या छतावर आपटवला की खाली मऊ, पसरलेला उजेड येतो. या धंद्यातले लोक त्याला ‘बाऊन्स’ म्हणतात. अट एवढीच, की छत हवं आणि ते पांढरं हवं. मांडवात ते हिरव्या कापडाचं असतं. कापडावरून परतणारा उजेड कापडाचाच रंग घेऊन येतो, त्यामुळे सप्तपदीच्या फोटोत वधू, वर, गुरुजी आणि होमातलं तूप हे सारं काविळीच्या पुढच्या टप्प्यावर गेलेलं दिसतं. हॉलचं छत तीस फुटांवर असेल तर उजेड वर जातो आणि येताना त्यातला फारच थोडा परततो. सर्वांत श्रद्धाळू फोटोग्राफर मात्र मोकळ्या मैदानावरच्या रिसेप्शनला दिसतात. डोक्यावर फक्त आकाश, तरी फ्लॅशचं तोंड वर. एखाद्या ढगावर आपटून उजेड खाली येईल, या आशेवर त्यांची बॅटरी संपते.

व्हिडिओवाल्यांचा दिवा हा वेगळाच विषय आहे. एलईडी येण्यापूर्वी हजार वॉटचा हॅलोजन घेऊन एक मुलगा नवरा-नवरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभा राहत असे. त्या काळच्या कॅसेटमध्ये सगळ्या वधू आहेराचं पाकीट घेताना रडताना दिसतात. माहेरच्या मायेशी त्याचा संबंध नव्हता.

आज लोक तक्रार करतात ती निदान डोळे दिपण्याची असते. पहिल्या पिढीच्या फ्लॅशने घरं पेटत. १८८७ मध्ये जर्मनीत आडॉल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली. फटाक्यांच्या दारूचीच ही शहाणी बहीण, फक्त शहाणपण तिने फारसं दाखवलं नाही. खोलीत एकदा भडका उडाला की पांढऱ्या धुराने माणसं दिसेनाशी होत, त्यामुळे दुसरा फोटो लगेच घेण्याचा प्रश्नच नसे. न्यूयॉर्कमधला वार्ताहर जेकब रीस ही पूड घेऊन रात्री गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरू लागला. आधी तो ती पिस्तुलाच्या आकाराच्या यंत्रातून उडवी. मध्यरात्री दार उघडून कोणी पिस्तूल रोखलं की लोक हसरा चेहरा करत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्याने चक्क फ्रायपॅनमध्ये पूड पेटवायला सुरुवात केली. एकदा अंध भिकाऱ्यांच्या खोलीत फोटो घेताना भिंतीवरच्या चिंध्या आणि कागद पेटले. बिचाऱ्यांना आग दिसत नव्हती, आणि रीसने ती एकट्याने कशीबशी विझवली. घाबराघुबरा बाहेर येऊन त्याने पोलिसाला हकीकत सांगितली, तर पोलिसालाच हसू आवरेना. त्याचं म्हणणं असं, की ही इमारत याआधीही अनेकदा पेटलीय, पण भिंतींवर मळाचे थर इतके जाड आहेत की आग तिथे जीव धरत नाही. रीसचं पुस्तक १८९० मध्ये निघालं आणि त्या फोटोंनी न्यूयॉर्कच्या घरबांधणीचे कायदे हलवले. फ्रायपॅनचं पुढे काय झालं, ते इतिहासाने नोंदवलेलं नाही.

त्याच्याही आधी, १८६१च्या सुमाराला, पॅरिसच्या नादारने जमिनीखालच्या भुयारांत बॅटऱ्यांवर चालणारे विजेचे दिवे नेले. तिथे एकेका फोटोला अठरा अठरा मिनिटं लागत. इतका वेळ न हलणारा मजूर फ्रान्समध्ये मिळेना, म्हणून त्याने मजुरांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. ‘हलू नका’ असं एकदाही सांगावं न लागलेला जगातला बहुधा तो एकमेव फोटोग्राफर.

फ्लॅशचा आणि पुण्याचा संबंधही जुना आहे, आणि पुण्याच्या लौकिकाला साजेसा आहे. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट चरख्यावर बसलेल्या गांधीजींचा फोटो घ्यायला पुण्यात आली. दुसरं महायुद्ध आघाडीवर जाऊन टिपून आलेली बाई. तिला गांधीजींच्या सचिवांनी आधी विचारलं, सूत कातता येतं का? येत नसेल तर आधी शिका. चरखा कळल्याशिवाय चरख्याचा फोटो कसा काढणार? तिने धागे तोडत तोडत ते शिकून घेतलं. मग कळलं की दिवस मौनाचा आहे, बोलायचं नाही. शिवाय बापूंना डोळ्यांवर झगझगीत उजेड आवडत नाही. बरीच विनवणी केल्यावर मोजून तीन फ्लॅश बल्ब मंजूर झाले. त्या काळचा बल्ब एकदाच पेटे, मग काढून टाकावा लागे. त्यामुळे तीन बल्ब म्हणजे तीनच फोटो, असा चोख हिशेब होता. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने लाज राखली, आणि चरख्यामागे वाचत बसलेल्या गांधीजींचा तो फोटो जगभर गेला. तीन बल्बांवर हे काम झालं. मधले काका एका मुंजीत नुसत्या बटूच्या शेंडीवर याहून अधिक फ्लॅश उडवतात, आणि शेंडी हललेलीच येते.

घरगुती कार्यक्रमांत तर फ्लॅशचा मुक्काम कायमचाच. वाढदिवस बघा. केक येतो, मेणबत्ती लागते आणि कोणीतरी रसिक आत्या म्हणते, “लाइट घालवा रे, मेणबत्तीच्या उजेडात फोटो गोड येतात.” तिचं अगदी खरं असतं. ट्यूबलाइट मालवतात. बाळाच्या गालावर सोनेरी उजेड पडतो. त्या सुंदर अंधारात क्षणभर शांतता पसरते, आणि पुढच्याच क्षणी अकरा मोबाइलचे फ्लॅश एकदम पेटतात. फोटोत मेणबत्ती दिसत नाही, कारण अकरा फ्लॅशसमोर ती काय दिसणार? बाळाचे डोळे मिटलेले आणि मागच्या भिंतीवर बाळाच्या बाबांची सावली बाबांपेक्षा मोठी.

“मेणबत्ती विझली होती का गं?” आत्या विचारते.

“नाही, तुम्हीच विझवलीत,” बाळाची आई म्हणते. बाईंना फोटोतलं काही कळत नाही, असं घरातलं मत आहे.

दिवाळीतही हेच. अंगणात पन्नास पणत्या मांडायच्या, त्यांच्यात वाकून बसलेल्या सुनेच्या चेहऱ्यावर खालून येणारा उजेड बघून खूश व्हायचं आणि मग फ्लॅश उडवून पन्नासही पणत्या एका फटक्यात मालवायच्या. उरतो तो शेणसड्याचा चौकोन, पांढरी सून आणि काकांच्या भाषेत ‘क्लिअर फोटो’. क्लिअर या शब्दावर काकांचा फार जीव आहे.

डोळ्यांचा लाल रंग हा या घरातला आणखी एक जुना पाहुणा. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला की उजेड सरळ बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन त्याच वाटेने परत भिंगात येतो. अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असतात, त्यामुळे तो रस्ता आणखी रुंद. कॅमेऱ्यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की खऱ्या फ्लॅशआधी छोटे फ्लॅश उडवून बाहुल्या लहान करायच्या. पण पहिल्या लुकलुकीलाच लोकांना फोटो झाला असं वाटतं. ते मान वळवतात, खांदे सैल सोडतात, कोणी नाक खाजवतं, आणि मग खरा फोटो निघतो. आता घरातल्यांना हे पाठ झालं आहे. पहिल्या लुकलुकीला ते दात दाखवतात, दुसऱ्या खेपेला मिटून घेतात. मांजराच्या डोळ्यांमागे तर उजेड परतवणारा खास थरच असतो, तिचे डोळे हिरवे येतात. लाल डोळ्यांच्या आजोबांच्या मांडीवर हिरव्या डोळ्यांची मनी, हा फोटो एका घरात दिवाणखान्यात लावला होता. नवीन पाहुणे त्याखाली बसत नाहीत.

माणसाचा फ्लॅशवरचा विश्वास किती अंतरापर्यंत टिकतो, हे मोजायचं तर क्रिकेटच्या मैदानात जावं. २ एप्रिल २०११च्या रात्री वानखेडेवर महेंद्रसिंह धोनीने षटकार मारला आणि भारताने विश्वचषक जिंकला. अशा क्षणी गॅलरीत सगळीकडे फ्लॅश लुकलुकत असतात आणि टीव्हीवर ते मोठं देखणं दिसतं. आता हिशेब. कॅमेऱ्यात बसवलेल्या छोट्या फ्लॅशची शक्ती ज्या गाइड नंबरने मोजतात, तो साधारण बारा धरा. एफ/४ छिद्र असताना त्याला चारने भागलं की उत्तर येतं तीन मीटर. तेवढी त्याची मजल. खेळपट्टी धरा पंचाहत्तर मीटरवर, म्हणजे पंचवीसपट लांब. तिथे पोचणारा उजेड सव्वासहाशेवा भाग. धोनीला त्याचा पत्ता लागणं शक्य नाही. पण तीन मीटरच्या आत पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल असतं, आणि ते अतिशय क्लिअर येतं. विश्वविजयाच्या रात्रीचा फोटो म्हणून अनेक घरांत एका अनोळखी टकलाचा मागचा भाग जपून ठेवलेला असणार.

कोजागिरीला काका याहून पुढची मजल मारतात. गच्चीवर मसाला दूध आटतंय, चंद्र वर आलाय, आणि काका त्याच्यावर फ्लॅश उडवतात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. काकांचा फ्लॅश तिथे पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ, परत यायला तेवढाच. तोवर शटर कधीच मिटलेलं असतं आणि काका दुधाच्या पातेल्याकडे वळलेले असतात. चंद्र हा उन्हात पडलेला दगड आहे. त्याचा फोटो भर दुपारच्या बेताने, कमी वेळात घ्यावा लागतो. हे काकांना शेजारच्या अकरावीतल्या मुलीने समजावून सांगितलं.

“रात्री दुपारचं सेटिंग?” काका म्हणाले. “दूध घे बाळ.”

नैसर्गिक उजेड वापरणाऱ्यांचं काम निराळं. त्यांना आहे तो उजेड हव्या त्या ठिकाणी वळवायचा असतो. आपल्याकडे ही कारागिरी फार मोठी झाली. ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्रा यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर सोडले. वरून जो उजेड परतला तो थेट आकाशातून अंगणात उतरणाऱ्या उजेडासारखा होता. ‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं खरं ऊन स्टुडिओत ओढून आणलं आणि अंधारात उन्हाचा तो प्रसिद्ध झोत उभा केला. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळात तर कोणा स्थपतीने शतकांपूर्वी मावळतीचे किरण महाद्वारातून आत घेऊन जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात नेमके मूर्तीपर्यंत पोचवले आहेत. आज किरणोत्सवाच्या आधी वाटेतल्या इमारतींची आणि फलकांची मोजमापं घ्यावी लागतात, कारण सूर्य अजून वेळेवर येतो, मधल्या मजल्यांचं तसं नाही.

हे सगळं एका व्याख्यानात ऐकून काका पेटले. पुतणीचा स्थळांना पाठवायचा फोटो घरीच, खिडकीच्या उजेडात काढायचं ठरलं. झिरपता उजेड हवा म्हणून त्यांनी खिडकीला सोलापुरी चादर बांधली. तिच्यातून उजेड तर नाहीच, वाराही आत येईना.

“चादर वाळत घातलीत का?” काकूंनी विचारलं.

“हा डिफ्यूजर आहे.”

“मग माझं जुनं पातळ घ्या. चादरीतून काय दिसणार, डोंबल?”

काकूंच्या मऊ सुती पांढऱ्या पातळाने कमाल केली. खिडकीतलं ऊन खोलीभर पसरलं, समोरच्या बाजूला काकूंनीच थर्माकोलचा जुना तक्ता धरला, आणि पुतणीचा चेहरा असा उजळला की ती स्वतः आरशाकडे परत परत बघायला लागली. फोटो उत्तम येणार यात शंका नव्हती. काकांनी डोळा लावला, श्वास रोखला, आणि ऐन वेळी त्यांचा धीर सुटला. “जरा कमी वाटतोय,” असं म्हणत त्यांनी फ्लॅश उघडला. स्थळांकडून नंतर फोन आले ते प्रकृतीची चौकशी करणारे.

हल्ली तरुण मंडळींना चांगल्या उजेडाची वेळ तोंडपाठ असते. ‘गोल्डन अवर’ हा शब्द लग्नपत्रिकेत छापायचाच काय तो बाकी आहे. मात्र यातला ‘अवर’ आपल्याकडे तासाचा नसतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. शेवटचे सहा अंश तो पंचवीस-सत्तावीस मिनिटांत संपवतो. लंडनला जूनमध्ये त्याला याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, म्हणून तिथली पुस्तकं वाचून प्री-वेडिंग ठरवणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मेकअपला तीन तास, वाटेतल्या ट्रॅफिकला दीड तास, आणि पठारावर पोचेपर्यंत हाताशी बारा मिनिटं. त्यात आधीच चार जोडपी त्याच एका झाडाखाली उभं राहण्यासाठी रांगेत. “सूर्याला जरा थांबवता येईल का?” असं कोणी म्हटलं नसेल, पण फोटोग्राफरकडे त्या नजरेने बघणारे सासरे पुष्कळ.

उलट जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीवर जो ढगांचा पडदा असतो, तो या देशातला सर्वांत मोठा आणि फुकटचा सॉफ्टबॉक्स आहे. सावल्या मऊ, रंग गडद, कासच्या पठारावरचं फूल पाकळीपाकळीने दिसतं. पण सहलीची बस तिथे पोचली की पहिला उद्गार हाच, “काय हो हे, आजच ढग यायला हवे होते? ऊन नाही, आता कसले फोटो!” मग सगळे भजी खायला जातात. दुपारी बाराला ऊन पडतं आणि सगळे धावत पठारावर परत येतात.

फ्लॅशबद्दल खरोखर नाराज व्हायचा हक्क कोणाला असेल तर काजव्यांना. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदरा परिसरातली हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं त्यांनी लुकलुकून जातात. हा सगळा खटाटोप लग्नाचा असतो. नर चमकतो, मादी ते बघून खुणेने उत्तर देते. या नाजूक बोलण्याच्या मध्यावर पर्यटकांच्या गाड्यांचे दिवे, टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश येतात. शेकडो सूर्य एकदम उगवल्यावर मादीने नक्की कोणाला होकार द्यायचा, हे तिला कळत नसणार. फ्लॅश आणि टॉर्च लावू नका, असं वनखातं आणि गावचे वाटाडे दरवर्षी सांगतात. काजव्याचा फोटो फ्लॅशने येतही नाही. झाडाचं खोड येतं, एक पानं नसलेली फांदी येते आणि डोळे मिटलेला मेव्हणा.

काकांनी मात्र या खेपेला पुस्तिका पिशवीतून बाहेर काढली होती. तिपाई आणली होती, फ्लॅशवर काळी पट्टी चिकटवली होती, शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं हेही ठरलं होतं. वाटाड्याने झाड दाखवलं. सादडा नुसता लखलखत होता. काकांनी बटण दाबलं आणि मनात आकडे मोजायला लागले. मंडळी गप्प. वीस झाले, पंचवीस झाले. सत्ताविसाव्या आकड्याला पलीकडून एक गृहस्थ मोबाइलचा टॉर्च खाली धरून, वाकून चालत आले.

“अहो, इथे एक चप्पल दिसते का बघा. डाव्या पायाची.”

“बंद करा तो!” काका, वाटाड्या आणि काकू एकदम ओरडले.

“लगेच करतो. आधी चप्पल.”

फोटो उघडून पाहिला तेव्हा सादड्याच्या जागी पांढुरका ढग होता आणि काजवा एकही नव्हता. पण खालच्या कोपऱ्यात, बाजूने आणि जमिनीलगत आलेल्या त्या उजेडात, एक कोल्हापुरी चप्पल आली होती. चामड्याची वीण, कडेची घडी, अंगठ्याने पाडलेला खळगा, सावलीतला तपशीलसुद्धा शाबूत.

काकांनी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला. “क्लिअर आहे,” ते म्हणाले, आणि त्या गृहस्थांना दाखवला. गृहस्थांनी चष्मा पुसला, नीट बघितलं आणि म्हणाले, “ही उजवी आहे.”